उरलेल्या कोंबडीचा 'पाय'

"आई, उरलेल्या कोंबडीचा उद्या पाय करू या," लेक म्हणाली, आणि सुपारी कातरता कातरता सासूबाई थांबल्या.

"पाय? पाय त गेले ना वं पोरी. एक तुह्या बापाच्या पानात गेला, एक तुह्या भावाच्या. आता कुठून आणशील?"

लेकीची हसून हसून पुरेवाट झाली. ती नागपूरला हॉटेल मॅनेजमेंटला आहे. सुटीत घरी आली की आमच्या स्वयंपाकघरावर तिचे प्रयोग चालतात. तिच्या म्हणण्यातला 'पाय' म्हणजे इंग्रजांचा पाय. खाली मैद्याची पारी, वर मैद्याची पारी, मध्ये सारण, आणि सगळं भट्टीत खरपूस भाजलेलं. शाकाहारी मैत्रिणींनी एक मोठी थोरली करंजी डोळ्यांसमोर आणावी, फक्त ताटाएवढी आणि गोल. बेकरीतलं पॅटिस आपण सगळ्यांनी खाल्लेलं असतं. त्याचंच हे घरगुती भावंड.

पण सासूबाईंच्या त्या प्रश्नानं मी मात्र हसता हसता गप्प झाले. कोंबडीचे पाय कुठे गेले ते त्यांना न बघता माहीत होतं. मलाही माहीत होतं. गेली चोवीस वर्षं या घरात कोंबडी मीच वाढते आहे.

आम्ही भामरागडला राहतो. आलापल्लीहून जंगलातून साठ-पासष्ट किलोमीटर आत यावं लागतं. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या इथे भेटतात. पलीकडे छत्तीसगड. 'हेमलकसा' म्हटलं की तुम्हाला लगेच कळेल, बाबा आमट्यांनी १९७३ साली सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प आमच्या अगदी शेजारी. मी वर्ध्याची, बी.ए. झालेली. लग्न होऊन इथे आले तेव्हा पावसाळ्याचं किराणा सामान मे महिन्यातच भरून ठेवायचं, हा पहिला धडा मिळाला. पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेलं की रस्ता बंद. २०१९ च्या सप्टेंबरात तर पाणी थेट बाजारपेठेत शिरलं होतं. अशा गावात राहणाऱ्या बाईला अन्न टाकवत नाही. उरलेली भाजी पराठ्यात, उरलेलं वरण थालीपिठात, शिळ्या पोळीचा कुस्करा, भात फोडणीला. यात आपल्याला कुणी काही शिकवायची गरज नाही.

गोम वेगळीच आहे. ते उरलेलं खातं कोण?

२००५ सालच्या आषाढातली गोष्ट सांगते. ही लेक तेव्हा आठ महिन्यांची, अंगावर पिणारी. घरी पाहुणे आले होते, कोंबडीचा रस्सा केला होता. रात्री जेवणं आटोपायला अकरा वाजले. वाटीभर रस्सा आणि चार फोडी उरल्या. तेव्हा आमच्याकडे फ्रिज नव्हता. पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं, वर पाटा ठेवला मांजर नको म्हणून. मांजराचा बंदोबस्त तेवढा झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना ताजं वरण-भात वाढलं आणि मी ते पातेलं चुलीवर ठेवून चांगलं रटरट उकळलं. उकळलं म्हणजे झालं, असंच मी समजत होते. वासही काही वेगळा नव्हता. भाकरी कुस्करून खाल्लं.

संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. मग जुलाब. बाहेर पाऊस कोसळतोय, पुलावर पाणी, रात्री कुठे जाणार? मीठ-साखरेचं पाणी घोटघोट घेत मी भिंतीला टेकून बसले होते आणि पोरगी दुधासाठी रडत होती. सकाळी गावातल्या दवाखान्यात सलाईन लागली. दोन दिवसांत उठले, पण दूध कमी झालं ते झालंच. घरातलं बाकी एक माणूस आजारी पडलं नाही. पडणार कसं? ते पातेलं माझ्या एकटीच्या वाट्याचं होतं. मला कुणी खा म्हटलं नव्हतं, हेही खरं. मी आपणहून खाल्लं, आणि 'बघा, काही वाया गेलं नाही' असं मनातल्या मनात कौतुकही करून घेतलं होतं.

नंतर कामाच्या निमित्तानं आरोग्याच्या शिबिरांना जायला लागले तेव्हा कळलं की उकळून सगळं मरतं हा समज अर्धाच खरा आहे. जंतू मरतात. पण काही जंतू अन्नात आधीच विष सोडून ठेवतात आणि ते विष उकळून जात नाही. अशा अन्नाला वास येतोच असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं काढली, त्यातलं मला सगळ्यात उपयोगी वाटलेलं हे: शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. पाच ते साठ अंश सेल्सिअस हा जंतूंच्या सुगीचा काळ. आमच्याकडचा आषाढ बरोबर त्याच्या मधोमध येतो. आणि मीठ-साखरेच्या पाण्याचं मापही तेव्हाच पक्कं केलं. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. त्या रात्री मी मीठ अंदाजानं, मूठ भरून टाकलं होतं.

आता कोंबडीच्या वाटणीविषयी. तुमच्या घरी कशी होते ते आठवून बघा. कोंबडी कापली की पाय मुलांना किंवा घरच्या पुरुषांना. छातीचे मोठे तुकडे पाहुण्यांना. काळीज-पेटा कुणातरी लाडक्याला. मान, पाठ आणि पंखांची टोकं रश्श्यात तळाशी राहतात, आणि ती शेवटी बसणाऱ्या बाईच्या पानात येतात. कुणी नियम केलेला नाही, पळी आपल्याच हातात असते. मी कित्येक वर्षं 'मला मानच आवडते' असं सांगत आले. आमच्या बचत गटातल्या एका वयस्क बाईला एकदा विचारलं, तर तीही म्हणाली, "मानच आवडते." थोडं थांबून म्हणाली, "आवडते का सवय झाली, ते कधी पाहिलं नाही ताई."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आधीच्या फेरीत, २०१५-१६ मध्ये, हाच आकडा ४८ होता. म्हणजे वाढला. कारणं पुष्कळ आहेत, सगळा दोष मानेच्या तुकड्यावर टाकता येणार नाही. कोंबडीच्या मांसात लोह फार असतं असंही नाही. पण जे असतं ते अंगी लागतं, आणि सोबतच्या डाळ-पालेभाजीतलं लोहही शरीरात जिरायला मदत होते. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी राज्यानं २०१५ पासून अमृत आहार योजना आणली, त्यात एक वेळचं पूर्ण जेवण अंगणवाडीत मिळतं. बाई तिथे स्वतःच्या पानातलं खाते. घरी तेच जेवण नेलं असतं तर कुणाच्या पोटात गेलं असतं, सांगायला नको.

तर आता त्या पायाकडे येते. कारण पायाची जी गंमत आहे ती इथेच आहे. त्यात कोंबडीचे तुकडे उरतच नाहीत. सगळं मांस हाडावरून काढून, एकत्र करून पारीत जातं. पाय कुठला, मान कुठली, कुणाला कळत नाही. आणि वाढताना पळी नसते, सुरी असते. गोल थाळीचे आठ भाग करायचे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

विलायतेत हा पदार्थ उरल्यासुरल्यातूनही करत. रविवारी मोठा मांसाचा तुकडा किंवा कोंबडी भाजायची आणि सोमवारी उरलेल्याचा पाय. त्याहून जुन्या काळी, काही शतकांपूर्वी, पारी इतकी जाड आणि टणक करत की तीच भांड्याचं काम करी. त्या पारीला इंग्रजीत जो शब्द होता तोच आज शवपेटीला आहे, असं लेकीनं सांगितलं तेव्हा सासूबाईंना मी ते भाषांतर करून सांगितलं नाही. आपल्याकडे गोव्यात ख्रिस्ती घरांत कोळंबीचा 'आपा' करतात, तोही याच जातीचा, पोर्तुगीज वळणाचा. आणि विदर्भातल्या आपल्या रोडग्यांचं काय? कणकेच्या पाऱ्या एकात एक ठेवून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतोच की आपण. ओव्हन नाही म्हणून आपलं अडायचं कारण नाही.

आता रीतसर सांगते.

पहिलं काम आदल्या रात्रीचं. आम्ही गावरान कोंबडी हळद-मीठ-लसूण लावून आधी वाफवून घेतली, कारण ती चिवट असते, आणि मग निखाऱ्यावर अख्खीच भाजली. आठला जेवायला बसलो. जेवण झाल्यावर लगेच, गप्पा मारत बसायच्या आधी, लेकीनं उरलेल्या कोंबडीचं मांस हात धुऊन हाडांवरून सोडवलं. कोमट असताना ते चटकन सुटतं. दोन वाट्या निघालं, निम्मं तर पाठीवरूनच. मी ज्या पाठीला आजवर नुसती हाडं समजत होते! ते पसरट डब्यात घालून साडेनऊच्या आत फ्रिजमध्ये. हाडं लगेच पाण्यात घालून, कांदा आणि मिरे टाकून तासभर उकळली. तो रस गाळून, भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववला आणि तोही फ्रिजमध्ये गेला.

पहाटे वीज गेली. यात नवल नाही. दोन तासांनी आली. फ्रिज उघडला नाही तर साधारण चार तास आतली थंडी टिकते, त्यामुळे तेवढ्यानं बिघडत नाही. रात्रभर गेली असती तर मी ते मांस सरळ फेकलं असतं. होय, फेकलं असतं. हे वाक्य लिहायला मला वीस वर्षं लागली. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी पाय त्याच रात्री करावा, किंवा पुरेल तेवढीच कोंबडी भाजावी.

पारीसाठी दोन वाट्या मैदा, एक वाटी कणीक, पाऊण चमचा मीठ आणि एक वाटी घट्ट थिजलेलं तूप किंवा डालडा. इथे एक लक्षात ठेवायचं. शंकरपाळ्यांना आपण मोहन कडकडीत घालतो, इथे ते गार हवं. आपण चिरोट्याला साटा लावतो ना, पापुद्रे सुटावेत म्हणून? तेच तत्त्व. थिजलेल्या तुपाचे बारीक कण पिठात तसेच राहिले पाहिजेत. भाजताना ते वितळतात आणि तिथे पापुद्रा सुटतो. म्हणून बोटांच्या टोकांनी हलकेच चोळायचं, तळहाताची ऊब लागू द्यायची नाही. रव्यासारखं झालं की पाच-सहा चमचे गार पाणी शिंपडून गोळा करायचा. मळायचा नाही. मला हे फार जड गेलं, पीठ दिसलं की हात मळायला जातोच. गोळा ओल्या फडक्यात अर्धा तास गार जागी ठेवायचा.

सारणासाठी दोन चमचे तुपावर एक कांदा, चार लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या परतायच्या. त्यावर दोन चमचे मैदा टाकून वास सुटेपर्यंत भाजायचा. मग हाडांचा तो रस, साधारण दीड वाटी, थोडा थोडा घालत ढवळायचं म्हणजे गुठळ्या होत नाहीत. लापशीसारखं दाट झालं की मांस, उकडलेल्या एका बटाट्याच्या फोडी, मूठभर वाटाणे, मिरपूड, मीठ. सगळं चांगलं खदखदू द्यायचं, वरवर गरम करून भागणार नाही. शेवटी सांबार, म्हणजे पुण्या-मुंबईच्या भाषेत कोथिंबीर. लेक म्हणाली, यात मशरूम घालतात. आषाढात आमच्याकडे सात्या निघतात, त्या ओळखीच्या बाईकडून आणलेल्या होत्या, त्या घातल्या. जंगलातल्या सात्यांची स्वतःला पारख नसेल तर या फंदात अजिबात पडू नका. वाटाणे पुरेत.

सारण पूर्ण निवू द्यायचं. गरम घातलं तर पारीतलं तूप आधीच वितळतं आणि तळ गच्च होतो. जर्मनच्या उभ्या काठाच्या थाळीला तूप लावून निम्म्याहून थोडी मोठी पोळी आत बसवायची, सारण भरायचं, दुसरी पोळी वर ठेवून कडा पाण्याच्या बोटानं चिकटवायच्या. करंजीला मुरड घालता येते तिनं इथेही घालावी, छान दिसते. मध्ये सुरीनं चार चिरा द्यायच्या, वाफ जायला. वरून दुधाचा हात.

ओव्हन असेल तर दोनशे अंशावर पस्तीस-चाळीस मिनिटं. आमच्यासारख्यांनी जाड बुडाच्या मोठ्या कढईत बोटभर रेती पसरावी. इंद्रावतीची रेती आमच्याकडे फुकट, धुऊन, चाळून, वाळवून घेतली. रेतीवर तिवई ठेवून, झाकण लावून पंधरा मिनिटं कढई तापू द्यायची, मग थाळी आत. खालची पारी या पद्धतीनं सुरेख भाजते. वरची मात्र पांढरीच राहते, म्हणून लोखंडी झाकणावर निखारे ठेवायचे. पन्नास मिनिटं लागली. हे सगळं अंगणातल्या चुलीवर, पडवीच्या आडोशाला केलं. बंद खोलीत निखारे पेटवून ठेवू नयेत. कुकरमध्ये करणार असाल तर शिटी आणि रबर दोन्ही काढून ठेवा.

आमच्या पायाची एक बाजू करपली, कारण निखारे एकीकडे सरकले होते. चिरांमधून सारण उतू आलं. 'रुचिरा'मधल्या मापांवर संसार केलेल्या मला ते रूप काही पसंत पडलं नाही. पण सुरी घातली तेव्हा वरची पारी कर्रकन मोडली आणि जो वास आला, त्यानं मुलगा अभ्यास सोडून आला.

आठ भाग केले. घरात आम्ही पाच, आणि शेजारच्या मास्तरीणबाई. लेकीनं सहा पानं एकदम मांडली, मीही बसले. 'तुम्ही बसा, मी वाढते' म्हणायला काही उरलंच नव्हतं, सगळं पानात होतं. नवऱ्यानं सवयीनं विचारलं, "पाय कुठे आहे?" आणि पुन्हा सगळे हसले.

सासूबाईंचं मला लक्षात आलं नव्हतं, ते त्या दिवशी आलं. त्यांच्या वरच्या दाढा गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून कोंबडी असली की त्या रस्सा आणि भातच खातात. 'मले मटनाची आवड राहिली नाही आता,' म्हणायच्या, आणि आम्ही ते खरं मानलं होतं. इथे मांस बारीक सोडवलेलं, पारी रसात भिजून मऊ झालेली. त्यांनी काठ बाजूला काढला, आतलं सगळं सावकाश खाल्लं आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाये." मग सातवा तुकडा त्यांनी स्वतःच्या हातानं पानात घेतला.

नंतरच्या महिन्यात गटाची बैठक आमच्या पडवीत झाली, तेव्हा बायांनी पुन्हा करायला लावला. या वेळी मैदा नव्हता, सगळी कणीकच घेतली. पापुद्रे कमी सुटले, पण चव जास्त चांगली लागली असं बहुतेकींचं मत पडलं. एकीनं विचारलं, कोंबडी नसली तर? तर वाळवलेले मासे निवडून, भिजवून करून बघू, असं ठरलंय. पाऊस ओसरला की.

लेक नागपूरला परत निघाली तेव्हा ती उभ्या काठाची थाळी तिच्या पिशवीत होती. एस.टी. यायच्या आधी सासूबाईंनी ती काढून फडताळात ठेवली.

"तिथं तुह्याकडे भट्टी आहे म्हणते ना," त्या म्हणाल्या. "हे राहू दे इथंच."